बेलाडोना की बुश: अँथ्रॅक्सचा वाद नीट घालायची रीत

चार मेटलवाले जमले आणि अँथ्रॅक्स या अमेरिकन थ्रॅश मेटल बँडचा विषय निघाला की दोन तट पडायला वेळ लागत नाही. एक म्हणतो, गायक जोई बेलाडोनाला काढलं तिथेच बँड संपला. दुसरा म्हणतो, त्याच्या जागी जॉन बुश आला तेव्हा कुठे हा बँड वयात आला. वाद रंगतो, पण जागचा हलत नाही, कारण एकजण गळ्याबद्दल बोलत असतो आणि दुसरा १९९३ सालाबद्दल. गायक बदलला त्याच सुमाराला निर्माता, लेबल (म्हणजे रेकॉर्ड कंपनी), गीतकार असं बरंच काही बदललं. त्यातलं गायकाच्या खात्यावर किती टाकायचं, हे आधी वेगळं काढायला हवं.

अँथ्रॅक्सच्या बाबतीत ते काढता येतं. कारण तीच गाणी दोन-दोन, कधी तीन-तीन गायकांच्या आवाजात अधिकृतपणे निघालेली आहेत. एका संध्याकाळी, अडीच-तीन तासांत हे ऐकून कसं पाहायचं त्याची ही पद्धत. लागणारं सामान: बरे स्पीकर, एक लॅपटॉप, कोरे कागद, पेन आणि मत न देणारा एक माणूस. शेवटची गोष्ट मिळवणं सगळ्यात अवघड.

आधी प्रश्न ठरवा

‘कोण भारी’ हा प्रश्न नाही. त्याच्या पोटात निदान चार प्रश्न आहेत. गळा कोणाचा तयार? या रिफवर, म्हणजे गिटारच्या पुन्हा पुन्हा येणाऱ्या तुकड्यावर, कोणाचा आवाज जास्त बसतो? कोणाच्या काळातले अल्बम चांगले? आणि कोणाच्या काळातले अल्बम जास्त थ्रॅश, म्हणजे वेगवान आणि आक्रमक? चारही प्रश्नांची उत्तरं वेगवेगळी येऊ शकतात. बेलाडोनाचा गळा वरच्या पट्टीत फिरतो हे मान्य करूनही बुशच्या आवाजातला ‘साउंड ऑफ व्हाइट नॉइज’ हा बँडचा सगळ्यात एकसंध अल्बम आहे असं म्हणता येतं, आणि त्यात काही विसंगती नाही. नाट्यपदांच्या बाबतीत आपल्याकडे हा भेद लोक सहज करतात: पद कोणी गाजवलं आणि कोणी जास्त सुरेल म्हटलं, या दोन गोष्टी आहेत हे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. मेटलमध्ये मात्र सगळं एका वाक्यात कोंबायची सवय आहे.

कागदावर चारही प्रश्न वेगवेगळ्या ओळींत लिहा आणि शेवटपर्यंत त्यांची बेरीज करू नका. बेरीज केली की आकडा येतो, आणि आकडा आला की पुन्हा ‘कोण भारी’.

कोण कधी होता

हा भाग पाठ असला तरी एकदा उजळणी करा, कारण वादात इथेच गफलत होते. १९८१ साली न्यूयॉर्कमध्ये स्कॉट इयन आणि डॅन लिल्कर यांनी बँड काढला. पहिला अल्बम ‘फिस्टफुल ऑफ मेटल’ १९८४ चा, त्यावर आवाज नील टर्बिनचा. म्हणजे बेलाडोना हा ‘मूळ’ गायक नव्हेच. तो आला १९८५ च्या ‘आर्म्ड अँड डेंजरस’ या छोट्या रेकॉर्डवर. मग त्याच वर्षी ‘स्प्रेडिंग द डिसीज’, १९८७ ला ‘अमंग द लिव्हिंग’, १९८८ ला ‘स्टेट ऑफ युफोरिया’, १९९० ला ‘पर्सिस्टन्स ऑफ टाइम’.

१९९२ मध्ये त्याला काढून आर्मर्ड सेंटचा जॉन बुश घेतला. लॉस एंजेलिसचा हा गडी. सुरुवातीच्या काळात मेटॅलिकानेही त्याला गायक म्हणून विचारलं होतं आणि त्याने नकार दिला होता. त्याचे अल्बम: ‘साउंड ऑफ व्हाइट नॉइज’ (१९९३), ‘स्टॉम्प ४४२’ (१९९५), ‘व्हॉल्यूम ८: द थ्रेट इज रिअल’ (१९९८), ‘वुई हॅव कम फॉर यू ऑल’ (२००३), आणि जुनी गाणी नव्याने वाजवलेला ‘द ग्रेटर ऑफ टू ईव्हल्स’ (२००४). २००५ ला बेलाडोनासह पुनर्मीलन झालं, ते टिकलं नाही. मग डॅन नेल्सन आला आणि गेला, मध्ये थोडे दिवस बुश पुन्हा उभा राहिला, आणि २०१० पासून बेलाडोना कायमचा. त्यानंतर ‘वर्शिप म्युझिक’ (२०११) आणि ‘फॉर ऑल किंग्ज’ (२०१६).

म्हणजे ‘बेलाडोनाचा काळ’ एक नाही, दोन आहेत, आणि मध्ये वीस वर्षांची दरी आहे. वाद घालताना ‘पहिला बेलाडोना’ आणि ‘दुसरा बेलाडोना’ असंच म्हणा. नाहीतर कोणीतरी १९८७ चं कौतुक २०१६ च्या अल्बमला चिकटवतो.

गायकाशिवाय काय काय बदललं

एक कागद आडवा धरा आणि ‘पर्सिस्टन्स ऑफ टाइम’ आणि ‘साउंड ऑफ व्हाइट नॉइज’ यांची नावं दोन टोकांना लिहा. मध्ये जे बदललं ते भरत जा.

निर्माता बदलला. ‘अमंग द लिव्हिंग’ला एडी क्रेमर होता, पुढच्या दोन अल्बमना मार्क डॉडसन. ‘साउंड ऑफ व्हाइट नॉइज’ला डेव्ह जर्डन आला, ज्याने आदल्याच वर्षी अॅलिस इन चेन्सचा ‘डर्ट’ केला होता. गिटार जाड, ढोल खोलीभर पसरलेला, आवाजावर आवाज चढवलेले: हा जर्डनचा हात आहे. बुशने तोंड उघडण्याआधीच गाणं १९९३ चं वाटायला लागतं ते त्यामुळे.

शब्द लिहिणारा बदलला. बेलाडोनाच्या पहिल्या काळात शब्द मुख्यतः स्कॉट इयनचे. ‘आय अॅम द लॉ’ हे जज ड्रेड या कॉमिक्समधल्या पात्रावर, ‘अमंग द लिव्हिंग’ हे स्टीफन किंगच्या कादंबरीवर. कॉमिक्स आणि भयकथा हा त्याचा प्रांत. बेलाडोना दुसऱ्याने लिहिलेलं गात होता. बुश आल्यावर तो स्वतः लिहायला बसला. त्यामुळे शब्द त्याच्या तोंडात बसतात यात नवल नाही. ते त्याच्याच मापाचे शिवलेले आहेत. ‘बुशच्या काळात गाणी जास्त प्रौढ झाली’ असं म्हणणाऱ्याला विचारा: गायनात, की लिखाणात?

लेबल बदललं, आयलंडकडून इलेक्ट्राकडे. आणि दोन वर्षांनी मुख्य लीड गिटारवादक, म्हणजे सोलो वाजवणारा, डॅन स्पिट्झही गेला. ‘स्टॉम्प ४४२’वर लीडचं काम पॉल क्रूक, ड्रमर चार्ली बेनान्टे आणि पाहुणा म्हणून आलेला पँटेराचा डाइमबॅग डॅरेल यांनी वाटून घेतलं. त्या अल्बममध्ये काहीतरी हरवल्यासारखं वाटत असेल, तर ते गळ्यात शोधण्याआधी सोलोंत शोधा.

काय बदललं नाही तेही लिहा. बेनान्टे, इयन आणि बेसवर फ्रँक बेलो हे तिघं १९८५ पासून या सगळ्या अल्बमांवर आहेत, आणि बहुतेक रिफांचं मूळ बेनान्टेच्या डोक्यात असतं. मागून येणारा तो टोळीचा ओरडा इयन आणि बेलोचा. बेलाडोना असो वा बुश, तो ओरडा तोच. ऐकताना हा भाग कानांनी बाजूला काढायची सवय लावून घ्या. बेलाडोनाचं म्हणून ज्याला लोक दाद देतात त्यातला बराच दणका खरं तर बेलोचा असतो.

गाणी कोणती घ्यायची

आता मुख्य काम. दोन गायकांची वेगवेगळी गाणी लावून तुलना केली तर गाण्यांचीच तुलना होते. म्हणून तेच गाणं, वेगळा गळा.

पहिली जोडी नव्हे, तिकडी: ‘मेटल थ्रॅशिंग मॅड’. टर्बिनचं १९८४ चं, बेलाडोनाचं ‘आर्म्ड अँड डेंजरस’वरचं १९८५ चं थेट वाजवलेलं, आणि बुशचं २००४ चं. ‘पॅनिक’ची तिकडीही याच तीन रेकॉर्डांवर मिळते. ‘मेटल थ्रॅशिंग मॅड’ लहान आहे, तीन मिनिटांच्या आत संपतं, त्यामुळे तिन्ही मिळून दहा मिनिटांत होतात. सुरुवात इथूनच करा. कारण इथे बेलाडोनाही उसन्या गाण्यावर उभा आहे आणि बुशही. ‘हे त्याचंच गाणं आहे’ हा फायदा दोघांनाही नाही.

ऐकताना ओळीचा शेवट पकडा. टर्बिन ओळ संपताना वर किंचाळी फेकतो. अशीच किंचाळी त्या काळातल्या अनेक बँडांत सापडेल. बेलाडोना तीच जागा सुरात घेतो, स्वर लांबवतो आणि शेवटी त्याला हलका कंप देतो. बुश ओळ कापतो. लांबवतच नाही, शेवटचं व्यंजन आपटतो आणि जागा गिटारला मोकळी करून देतो. एवढी एक गोष्ट ऐकली तरी दोघांचा स्वभाव कळतो: बेलाडोना रिफच्या वरून जातो, बुश रिफमध्ये शिरतो. बाकीची सगळी चर्चा या एका फरकाभोवती फिरते.

दुसरा संच ‘द ग्रेटर ऑफ टू ईव्हल्स’चा. जुनी चौदा गाणी, चाहत्यांच्या मतदानातून निवडलेली, स्टुडिओत सगळ्यांनी एकत्र उभं राहून वाजवलेली. सगळी घेत बसू नका, कान थकतात. तीन पुरेत:

‘मॅडहाउस’ घ्या, कारण त्याचा मुखडा बेलाडोनाच्या गळ्यासाठीच असल्यासारखा आहे. इथे बुश अडचणीत येतो का, हे पाहायचं.

‘कीप इट इन द फॅमिली’ घ्या. वर्णद्वेषावरचं, सात मिनिटांचं, मंद आणि रागीट. मूळ १९९० चं. बुशच्या बाजूचे लोक ज्या गाण्यावर सगळ्यात जास्त भरवसा ठेवतात ते हे, आणि माझ्या मते तो रास्त आहे. या रागाला खरखर शोभते.

तिसरं ‘कॉट इन अ मॉश’. इथे शब्द इतके दाट आहेत की गळ्यापेक्षा जिभेची परीक्षा होते. शब्द कोणाचे स्पष्ट ऐकू येतात ते कागदावर लिहा. मूळ गाणं सगळ्यांना पाठ असल्याने बेलाडोनाचे शब्द ‘कळल्यासारखे’ वाटतात. गाणं कधीच न ऐकलेला एकजण खोलीत असेल तर फक्त त्याचं मत धरा.

तिसरी परीक्षा उलटी. बुशचं ‘ओन्ली’ बेलाडोनाने म्हटलेलं. २२ जून २०१० ला बल्गेरियातल्या सोफिया इथे मेटॅलिका, स्लेअर, मेगाडेथ आणि अँथ्रॅक्स एकाच मंचावर आले, त्याचं चित्रीकरण प्रसिद्ध झालेलं आहे आणि अँथ्रॅक्सच्या यादीत ‘ओन्ली’ आहे. बुशच्या गाण्यावर बेलाडोना, असा अधिकृत पुरावा हाताशी आहे तो मुख्यतः हाच. मूळ गाण्यात बुश कडव्यात खाली राहतो आणि मुखड्यात उघडतो. गाण्याचा सगळा जोर त्या चढावर आहे. बेलाडोनाचा आवाज मुळातच वर असल्याने तो चढ लहान होतो. सूर चुकत नाही, पण पायरी कमी उंच होते. ‘मॅडहाउस’मध्ये बुशला येणारी अडचण आणि ही अडचण एकाच जातीच्या आहेत. पहिलं मान्य आणि दुसरं अमान्य, असं कोणी म्हणत असेल तर त्याला दोन्ही पुन्हा लावून दाखवा.

वयाची नोंद करा. ‘अमंग द लिव्हिंग’ निघाला तेव्हा बेलाडोना २६ वर्षांचा होता, आणि बुशने ती गाणी पुन्हा म्हटलेला अल्बम निघाला तेव्हा तो ४१ चा. ‘ओन्ली’ निघालं तेव्हा बुश २९ चा, आणि सोफियात बेलाडोना ४९ चा. म्हणजे दोघंही दुसऱ्याच्या गाण्याला भिडले ते चाळिशी ओलांडल्यावर. हिशेब साधारण फिटतो, फक्त बेलाडोनाचं ते मैदानात, गर्दीसमोर आहे आणि बुशचं स्टुडिओत.

काय घ्यायचं नाही: ‘ब्रिंग द नॉइज’ (१९९१) वर पब्लिक एनिमी या रॅप गटाचा चक डी आणि स्कॉट इयन आहेत, बेलाडोना नाही. ‘व्हॉल्यूम ८’च्या शेवटी लपवलेलं ‘पीसेस’ फ्रँक बेलोने म्हटलं आहे, बुशने नाही. ‘टेकिंग द म्युझिक बॅक’वर द हू या रॉक बँडचा गायक रॉजर डाल्ट्री पाहुणा आहे. ही तिन्ही गाणी भलत्याच गायकाचा पुरावा म्हणून वादात येतात.

आवाज सारखा करा, नाहीतर सगळं फुकट

जास्त मोठ्याने वाजलेलं जास्त चांगलं वाटतं. एक-दोन डेसिबलचा फरक ‘मोठा’ म्हणून जाणवत नाही, ‘भरदार’ म्हणून जाणवतो. आणि ऐंशीच्या दशकातल्या सीडी हळू वाजतात, २००० नंतरच्या दाबून मोठ्या केलेल्या असतात. म्हणजे काहीच न करता ऐकलं तर बुशचं २००४ चं रेकॉर्डिंग आधीच पुढे असतं. ते बारीक ऐकू यायला लागलं की उलटी तक्रार येते, ‘हे फार सपाट वाटतंय’. तीही आवाज दाबल्याचीच खूण आहे, गायकाची नव्हे.

फायली हाताशी असतील तर ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा. प्रत्येक गाणं वेगळ्या ट्रॅकवर आणा, निवडा, इफेक्टमधून ‘लाउडनेस नॉर्मलायझेशन’ घ्या आणि -१८ एलयूएफएस (कानाला जाणवणारा आवाज मोजायचं एकक) द्या. तिथे आधीपासून -२३ असतं. तेही चालेल, फक्त स्पीकर वाढवावा लागेल. -१४ मात्र देऊ नका. जुनी रेकॉर्डिंग्ज तिथवर वाढवली की ढोलाच्या टोकाला आवाज फाटतो, आणि मग ‘जुनं रेकॉर्डिंग कर्कश आहे’ असा शेरा कोणीतरी लिहितो.

स्पॉटिफायवरून ऐकणार असाल तर सेटिंगमध्ये नॉर्मलायझेशन चालू करा आणि गाण्यांची एक प्लेलिस्ट बनवा. अल्बम उघडून थेट वाजवू नका: अल्बम सलग वाजवताना ते संपूर्ण अल्बमचा सरासरी आवाज धरतं, प्लेलिस्टमध्ये प्रत्येक गाण्याचा वेगळा. यूट्यूब मोठा आवाज खाली आणतं पण लहान आवाज वर चढवत नाही, म्हणून १९८७ चं गाणं तिथे मागे राहतं. सोफियाचं ‘ओन्ली’ यूट्यूबवरूनच लावावं लागलं तर हाताने वाढवा. फोनवरच्या डेसिबल मीटरने, बसायच्या जागेवर, दोन्हीच्या मुखड्याशी सरासरी ८० च्या आसपास आणा. गर्दीचा गोंगाट मीटरमध्ये मोजला जातो, त्यामुळे गाणं सुरू झाल्यावरच बघा.

आवृत्तीही एकच धरा. ‘अमंग द लिव्हिंग’ची जुनी सीडी आणि नंतर पुन्हा मास्टर केलेली प्रत यांत आवाजाचा पोत वेगळा येतो. कोणती घेतली ते कागदाच्या माथ्यावर लिहा, कारण पुढच्या वेळी कोणीतरी दुसरी घेऊन येणार.

एक गोष्ट अजून: पट्टी. नव्या रेकॉर्डिंगमध्ये गिटार खाली उतरवली आहे का, हे कानावर सोडू नका. फोनवरचा ट्यूनर भरलेल्या गाण्यावर गोंधळतो. हातात गिटार घ्या, मूळ गाण्यातल्या सर्वात खालच्या स्वराशी तार जुळवा, आणि त्याच तारेवर दुसरं रेकॉर्डिंग ऐका. हार्मोनियम असेल तर तीही चालते. अर्ध्या स्वराचा किंवा जास्त फरक निघाला तर ऑडॅसिटीच्या ‘चेंज पिच’ने एकाला दुसऱ्याशी जुळवून एकदा ऐका. बदललेल्या आवाजाला थोडी यांत्रिक छटा येते, म्हणून त्यावर मत देऊ नका. फक्त ‘जडपणा’ गळ्याचा किती आणि तारेचा किती एवढं कळून घ्या. अर्ध्या स्वरापेक्षा कमी फरक निघाला तर तो सोडून द्या, जुन्या टेपचा वेग एवढा हलू शकतो.

बैठक कशी चालवायची

पाचजण बरे. आठच्या वर गेले की बोलणारे दोघंच उरतात. मत न देणारा माणूस गाणी लावतो आणि घड्याळ बघतो.

क्रम महत्त्वाचा. जे आधी ऐकतो ते मापदंड होतं, आणि मूळ गाणं तर डोक्यात आधीच मापदंड आहे. म्हणून ‘मॅडहाउस’ आधी बेलाडोना मग बुश, ‘कीप इट इन द फॅमिली’ आधी बुश मग बेलाडोना, असा क्रम उलटवत जा. प्रत्येक जोडीनंतर दोन मिनिटं कोणी बोलायचं नाही. चार रकाने भरायचे. सूर, शब्द, ताल, आणि गाण्याला शोभणं. ‘शोभणं’ हा रकाना शेवटी भरा. तो आधी भरला की बाकीचे तीन त्याच्या मागून वाहत जातात.

ताल म्हणजे शब्द ठोक्याच्या आधी पडतो, ठोक्यावर की मागे. समेची ज्यांना सवय आहे त्यांना हे पटकन कळतं. न कळणाऱ्याने मुखड्याच्या वेळी स्नेअरवर (ड्रममधल्या कडक आवाजाच्या ठोक्यावर) बोट आपटावं आणि पहिलं अक्षर कुठे येतं ते पाहावं. बुश बऱ्याच ठिकाणी किंचित मागे राहतो, त्यामुळे गाणं जड वाटतं. प्रत्यक्षात वेग तोच असतो. वेग खरंच तोच आहे का हेही मोजा: पंधरा सेकंदांत किती स्नेअर पडले, गुणिले चार. त्यात फरक आला तर तो बेनान्टेच्या खात्यावर, गायकाच्या नाही.

या फेऱ्यांना तास-सव्वा तास जातो. मग चहा. चहाच्या वेळी कागद उलटे ठेवा.

अल्बमांवर आलात की

आता उरलेल्या वेळात वाद अल्बमांचा. इथे सर्वांत मोठी चूक म्हणजे एकाचा उत्तम अल्बम दुसऱ्याच्या पडेल अल्बमसमोर उभा करणं. ‘अमंग द लिव्हिंग’ला ‘स्टॉम्प ४४२’ ठोकायला दिलं की काय होणार ते सांगायला नको. उत्तमासमोर उत्तम: ‘अमंग द लिव्हिंग’ आणि ‘साउंड ऑफ व्हाइट नॉइज’. पडेलासमोर पडेल: ‘स्टेट ऑफ युफोरिया’ आणि ‘स्टॉम्प ४४२’. दुसऱ्या जोडीत बुशची बाजू लोकांना वाटते त्यापेक्षा बरी ठरते. ‘स्टेट ऑफ युफोरिया’तून फ्रेंच बँड ट्रस्टचं उसनं ‘अँटिसोशल’ काढून घ्या आणि किती उरतं ते बघा.

‘व्हॉल्यूम ८’ चाळीस मिनिटांचा असता तर आज वेगळं बोललं गेलं असतं. शिवाय तो ज्या इग्निशन लेबलवर निघाला ते लवकरच बुडालं आणि अल्बम दुकानांतून गायब झाला. तेव्हा ‘तो कोणी ऐकला पण नाही’ हा वाद गायकाविरुद्ध वापरू नका. ‘वुई हॅव कम फॉर यू ऑल’ मात्र न ऐकताच बुशला नाकारणारे खूप भेटतात. त्यांना ‘व्हॉट डझन्ट डाय’ लावून द्या आणि गप्प बसा.

‘वर्शिप म्युझिक’ सगळ्यात फसवा पुरावा. तो मुळात डॅन नेल्सनसोबत रेकॉर्ड झाला होता. तो गेल्यावर काही गाणी बदलून, बेलाडोनाने पुन्हा म्हणून तो २०११ ला आला. म्हणजे चाली बऱ्याच अंशी दुसऱ्याच गळ्यासाठी बेतलेल्या. त्या अल्बममध्ये बेलाडोना नेहमीपेक्षा खाली, भारदस्त गातो, आणि कित्येकांना तो त्यामुळेच आवडतो. बुशच्या काळाने बँडला जे शिकवलं त्यातलं किती इथे राहिलं, हा त्या संध्याकाळचा सगळ्यात चांगला प्रश्न आहे. त्यासाठी वीस मिनिटं राखून ठेवा. ‘इन द एंड’ लावा. गायक रॉनी जेम्स डिओ आणि डाइमबॅग यांच्या आठवणीतलं गाणं आहे. बेलाडोनाचा कंप आणि नव्वदीची जाड गिटार एकत्र ऐकू येते.

आकडे काढणाऱ्याला काय सांगायचं

कोणीतरी बिलबोर्ड, म्हणजे अमेरिकेतला अल्बमविक्रीचा तक्ता, काढतोच. ‘साउंड ऑफ व्हाइट नॉइज’ सातव्या क्रमांकावर गेला, बँडचा सर्वोच्च. ‘अमंग द लिव्हिंग’ ६२ वर अडकला होता, ‘पर्सिस्टन्स ऑफ टाइम’ २४ वर. आकडे बरोबर आहेत, तुलना चुकीची. मे १९९१ पर्यंत हा तक्ता दुकानांनी कळवलेल्या क्रमावरून बनायचा. त्यानंतर साउंडस्कॅनने बारकोडची प्रत्यक्ष विक्री मोजायला सुरुवात केली. पहिल्याच आठवड्यात धावत जाऊन रेकॉर्ड घेणारे मेटलवाले तेव्हापासून तक्त्यात दिसायला लागले, आणि मेटलचे अल्बम एकदम वरून उघडायला लागले. २०१६ चा ‘फॉर ऑल किंग्ज’ नवव्या क्रमांकावर गेला, पण तोवर सीडीचा खप इतका आटला होता की तो नववा आणि १९९३ चा सातवा यांच्यामागचे खोके सारखे नाहीत. क्रमांक काढायचेच तर एकाच पद्धतीतले काढा: १९९३ चा सातवा, १९९५ चा ४७ वा. गायक तोच, दोन वर्षांत चाळीस पायऱ्या खाली. ते कशामुळे, हा प्रश्न तरी खरा आहे.

हीच रीत दुसऱ्या बँडला

एक्झोडस या दुसऱ्या थ्रॅश बँडला ती जवळजवळ जशीच्या तशी लागू होते. १९८५ च्या ‘बाँडेड बाय ब्लड’वर पॉल बॅलॉफ, तोच अख्खा अल्बम २००८ मध्ये रॉब ड्यूक्ससोबत ‘लेट देअर बी ब्लड’ म्हणून पुन्हा वाजवला गेला. फक्त एक काळजी: मूळ पाचांतले २००८ मध्ये गॅरी होल्ट आणि टॉम हंटिंग एवढेच उरले होते, म्हणून गिटारचा रकाना वेगळा जोडा आणि आवाज जुळवण्यात जास्त वेळ घाला, दोन रेकॉर्डिंगांतली दरी इथे अँथ्रॅक्सपेक्षा मोठी आहे. बॅलॉफची बेसूर आरडाओरड सूर या रकान्यात दरवेळी हरते आणि शोभणं या रकान्यात दरवेळी जिंकते. दोन्ही लिहून ठेवा.

सेपुल्टुरा या ब्राझिलच्या बँडला ही रीत लावू नका. १९९६ च्या अखेरीस मॅक्स कॅव्हलेरा गेला तेव्हा गायकाबरोबर ऱ्हिदम गिटार आणि बरंचसं लेखनही गेलं. १९९८ च्या ‘अगेन्स्ट’वर डेरिक ग्रीनचा फक्त गळा सुटा काढून ऐकायची सोय नाही. तिथे जुन्या गाण्यांची ग्रीनने म्हटलेली मंचावरची रेकॉर्डिंग्ज घ्या, फक्त ताल आणि शब्द हे दोन रकाने भरा, आणि बाकीचे दोन कोरे सोडा.